आइस चेंबरवाला कूलर: हवा झकास, कप्पा बिनकामाचा

नागपुरात एप्रिल-मे मध्ये कूलर घ्यायला गेलं की दुकानदार आधी काय दाखवतो तर वरचं झाकण उघडून आइस चेंबर, "यात बर्फ टाका भाऊ, एसी विसरून जाल". मी घेतलेल्या कूलरच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण आता बऱ्याच कंपन्या हा कप्पा देतात, पण त्या कप्प्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका एवढं नक्की सांगतो.

बघा, एक किलो बर्फ वितळताना साधारण 334 किलोजूल उष्णता ओढून घेतो आणि एक लिटर पाणी पॅडवरून (कूलरच्या बाजूच्या ओल्या ताट्यांवरून) उडून जाताना ओढतं जवळपास 2400, म्हणजे सातपट!! कूलर गार हवा देतो ती टाकीतलं पाणी थंड आहे म्हणून नाही, ते पाणी उडतं म्हणून, आणि उडायला लागणारी उष्णता ते हवेतूनच घेतं. बर्फ टाकला की पहिली काही मिनिटं बरं वाटतं, पण गार पाणी उडतं पण कमी, आणि तो बर्फ घरच्या फ्रीजमध्ये केला असेल तर फ्रीजने त्याची सगळी गरमी आधीच मागच्या बाजूने स्वयंपाकघरात ओतलेली असते 😄

बाकी कूलर म्हणून माल चांगला आहे. भर दुपारी बाहेर 44 डिग्री होतं तेव्हा जाळीसमोर थर्मामीटर धरला तर 28 च्या आसपास आला. याच्यापेक्षा फार खाली जाणार पण नाही, कारण 44 डिग्री आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर तो साधारण 23 वर थांबतो (फडकंही पाणी उडूनच गार होतं, कूलरसारखं), त्याच्या खाली असा कोणताही घरगुती कूलर नेऊ शकत नाही मग तो कितीही महागाचा घ्या. हनीकोंब पॅड जाड आहेत, पाणी वरपासून खालपर्यंत सारखं झिरपतं, वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक काड्यांच्या) ताट्यांसारखं मधेच कोरडा पट्टा राहत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा वास मात्र यात नाही, तो ज्याला पाहिजे त्याने सरळ लोखंडी पत्र्याचा लोकल कूलरच घ्यावा, हवाही जास्त फेकतो, फक्त आवाज सहन करायची तयारी ठेवा आणि करंटचं बघून घ्या, अर्थिंग नीट नसेल तर त्याला शिवू पण नका.

लाइट बिलाचं म्हणाल तर हा माझा कूलर 200 वॉटच्या आत चालतो, दीड टनाचा एसी दीड हजारच्या आसपास घेतो. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर आरामात चालतो, नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) याची किंमत कळते.

तक्रारी आहेत. फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) भिकार आहे, टाकी भरली तरी पाणी बंद होत नाही आणि सकाळी गॅलरीत तळं. बोअरच्या पाण्याचा क्षार पॅडवर पांढरा थर धरतो (पाणी उडतं, क्षार कुठे जाणार) तेव्हा टाकीत नुसतं वरून पाणी भरत राहू नका, अधूनमधून सगळं काढून टाका. डास पण होत नाहीत मग.

आणि खिडकी बंद करून लावणारे लोक बघितले की डोकं फिरतं, अहो ती ओली हवा बाहेर जायला वाट नको का? थोड्या वेळात खोलीत सगळं चिपचिप, मग म्हणतात कूलर बेकार. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी, एवढंच करायचं आहे.

मुंबईच्या मावसभावाने विचारलं घेऊ का, त्याला स्पष्ट नाही सांगितलं. तिकडे 33 डिग्री आणि 70 टक्के दमटपणा असेल तर हवेत आधीच एवढी वाफ असते की चार-पाच डिग्रीच्या वर फरक पडणारच नाही, वर घामही सुकणार नाही. आपल्याकडेही पाऊस सुरू झाला की हेच, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा म्हणून चालवायचा.

पाचपैकी साडेतीन. फ्लोट चांगला दिला असता तर चार दिले असते. आइस चेंबरमध्ये सध्या कूलरचं कव्हर घडी करून ठेवलंय.