वजनगटांनुसार लावलेल्या जुन्या लढती : वर्षभराच्या वर्गणीनंतरचा अभिप्राय

बॉक्सिंगच्या जुन्या लढती दाखवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेची वार्षिक वर्गणी मी एकाच प्रश्नासाठी भरली होती : वेल्टरवेट (१४७ पौंडांपर्यंतचा वजनगट) आणि त्याच्या शेजारच्या गटांतच इतके कसलेले मुष्टियोद्धे का सापडतात? येथे लढती वजनगटांनुसार आणि प्रत्येक गटात सालवार लावलेल्या आहेत. एकाच गटातील चाळीस-पन्नास लढती ओळीने पाहिल्या की त्या गटाचा स्वभावच उलगडत जातो, आणि ही सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

१३५ पौंडांच्या लाइटवेटपासून १६० पौंडांच्या मिडलवेटपर्यंतचा पट्टा म्हणजे सुमारे ६१ ते ७२.५ किलो. असंख्य तरुणांचे वजन याच्या आसपास असल्याने येथे स्पर्धक मुळातच अधिक असतात. मात्र मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो शेजार. लाइटवेटचा विजेता राहिलेला रोबर्तो दुरान १९८० मध्ये वेल्टरवेटमध्ये शुगर रे लेनर्डला हरवतो. वेल्टरवेटचा विजेता शुगर रे रॉबिन्सन १९५१ मध्ये जेक लामोटाला तेराव्या फेरीत थांबवून मिडलवेटचे विजेतेपद मिळवतो. गुणी खेळाडूला वरून आणि खालून तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळत राहतात, त्यामुळे त्याच्या उणिवा फार काळ झाकलेल्या राहत नाहीत.

या वजनाला एका ठोशात लढत संपू शकते, पण केवळ त्या ठोशाच्या भरवशावर कोणालाही राहता येत नाही. १६ सप्टेंबर १९८१ ची लेनर्ड-हर्न्स लढत मी तीनदा पाहिली. सहा फूट एक इंच उंचीचा टॉमी हर्न्स लांब जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, लेनर्डला दूर ठेवतो आणि लेनर्डचा डावा डोळा सुजत जातो. मग भूमिकाच बदलतात : ठोशांसाठी प्रसिद्ध असलेला हर्न्स पदलालित्यावर खेळू लागतो आणि चपळाईसाठी ओळखला जाणारा लेनर्ड त्याचा पाठलाग करतो. या सेवेने दोन फेऱ्यांमधला मिनिट कापलेला नाही, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत, कारण बाराव्या फेरीनंतर लढत हातची चालली असल्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी लेनर्डला कसे बजावतात ते त्यामुळेच पाहायला मिळते. तेराव्या फेरीत हर्न्स दोरांवर कोसळतो, चौदाव्यात लढत थांबवली जाते. तोपर्यंत तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर हर्न्सच पुढे होता.

हेवीवेटला वरची मर्यादाच नसल्याने तेथे केवळ आकाराच्या बळावरही बरीच मजल मारता येते, शिवाय तशा देहयष्टीच्या खेळाडूंना बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलही खुणावत असतात. हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेटची अडचण वेगळी आहे. इव्हँडर होलीफिल्ड आणि ओलेक्सांडर उसिक या दोघांनीही तो गट निर्विवादपणे, म्हणजे प्रमुख संघटनांची सर्व विजेतेपदे एकत्र करून, जिंकला आणि मग प्रसिद्धी व पैसा जिथे आहे त्या हेवीवेटची वाट धरली. गुणवत्ता तेथे तयार होते, पण टिकत नाही.

या सेवेबद्दलची माझी खरी तक्रार खालच्या गटांविषयी आहे. १०५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४७.६ किलोच्या मिनिममवेटचा विजेता रिकार्डो लोपेझ ५२ व्यावसायिक लढतींमध्ये एकदाही हरला नाही. एक बरोबरी वगळता त्याने सर्व जिंकल्या. त्याच्या मोजक्याच लढती येथे आहेत आणि त्यांतल्याही काही मधल्या फेऱ्या गाळून दाखवल्या आहेत. त्याचा तो सरळ, नेटका जॅब आणि पाठोपाठ जबड्याखालून वर येणारा अपरकट हा पूर्ण फेरीच्या संथ तयारीतून कळतो, तुकड्यांतून कळत नाही. शोधखिडकीत फ्लायवेटहून वरचा सुपर फ्लायवेट गट लिहिला तर फ्लायवेटच्या लढती समोर येतात, हा तर निव्वळ निष्काळजीपणा आहे. असे संकलन पाहणाऱ्या नवख्या प्रेक्षकाची समजूत होईल की लहान वजनात गुणवत्ताच कमी आहे, आणि ती समजूत चुकीची असेल. नाओया इनोउए याने २०२२ मध्ये बँटमवेट आणि २०२३ मध्ये सुपर बँटमवेट निर्विवादपणे जिंकले, तेव्हा जगाचे लक्ष त्या गटांकडे वळले. गुणी खेळाडू तेथे आधीपासूनच होते.

मधल्या गटांच्या अभ्यासासाठी ही वर्गणी निःसंकोच भरावी. मी तिला पाचपैकी साडेतीन तारे देतो. लोपेझच्या लढती पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत उपलब्ध झाल्या, तर हा अभिप्राय मी त्याच दिवशी बदलेन.