धानोरीतलं गॅरेज, जिथे पाने मोजल्याशिवाय शटर पडत नाही

आधीच सांगतो, गॅरेजवाला माझ्या ओळखीचा आहे. लोहगाव विमानतळावर आम्ही दोघं एकाच विमान कंपनीच्या लाइन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधे विमान तपासायच्या-दुरुस्त करायच्या कामाला, टेक्निशियन होतो. मी वयाने मोठा, तो माझ्या हाताखाली तयार झालेला. पण पैसे मी पूर्ण दिलेत, आणि गाडीचं काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

माझी अ‍ॅक्टिवा २०१४ ची. आधीच्या एका गॅरेजात ऑइल बदलताना पोराने ड्रेन बोल्ट इतका आवळला की केसिंगचे आटेच गेले. वर टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट परत बसवला आणि मला काही सांगितलं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज ऑइलचा डाग. दुसरीकडे दाखवली तर म्हणाले, केसिंग बदला, सहा हजार तरी धरा.

मग धानोरीला नेली. याने बोल्ट काढला, टॉर्च मारली, भोकात बोट फिरवून बघितलं. म्हणाला, "दादा, हेलिकॉइल बसेल." हेलिकॉइल म्हणजे तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. गेलेले आटे काढून टाकायचे, नवे पाडायचे आणि त्यात ती फिरवून बसवायची. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांत ती सर्रास असते, आम्ही कितीतरी बसवल्यात. नवं वायसर घातलं, बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच आवळता येणाऱ्या पान्याने, आवळला. ४८० रुपये झाले. चार महिने झाले, फरशी कोरडी आहे.

भिंतीवर पाने टांगायचा बोर्ड आहे. प्रत्येक पान्याच्या जागी त्याच्याच आकाराची लाल सावली रंगवलेली, म्हणजे काय नाही ते लांबूनच दिसतं. संध्याकाळी बोर्ड भरल्याशिवाय शटर पडत नाही. मी बसलो होतो त्या दिवशी दहा नंबरचा पाना सापडेना. दुपारपासून गेलेल्या तिन्ही गाडीवाल्यांना त्याने फोन लावले. तिसऱ्याच्या डिकीत निघाला. विमानात विसरलेला एक पाना काय करू शकतो हे ज्याने ऐकलंय, त्याची ही सवय स्कूटरपाशी आला म्हणून सुटत नाही.

आणि वही. प्रत्येक गाडीचं एक पान, त्यावर किलोमीटर, काय उघडलं, काय बदललं, कोणी केलं. ब्रेकचं काम असेल तर एक पोरगा करतो, दुसरा तपासतो, दोघांची सही. गिऱ्हाइकाला मागितली की वही बघायला मिळते.

या वहीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. २०१८ साली आमच्या कंपनीने पुण्याचं लाइनचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं. आम्हाला सांगितलं, हवं तर त्याच विमानांवर कंत्राटदाराची माणसं म्हणून काम करा. पगार एक तृतीयांश कमी, करार अकरा महिन्यांचा. माझी मुलगी कमवायला लागली होती, मी नाही म्हणालो. याची मुलं लहान होती, हा दीड वर्ष राहिला. पगाराचं त्याने सोसलं. पण दर तीन महिन्यांनी शिफ्टला नवे चेहरे यायचे. अमुक विमानाच्या मागच्या कार्गो दाराचा सेन्सर पहिल्या पावसात खोटी वॉर्निंग देतो, हे आम्हाला तोंडपाठ होतं. नव्या माणसाला ते कोण सांगणार? टास्क कार्डावर, म्हणजे काय काय करायचं त्या छापील यादीवर, ते नसतं.

बाहेर काम देणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. इंजिनचं ओव्हरहॉल खास शॉपमध्येच व्हायला हवं. आपली विमानं मोठ्या चेकसाठी वर्षानुवर्षं श्रीलंका, सिंगापूर, आखातात जात राहिली, त्याला आपला करही कारण होता. दुरुस्तीवरचा १८ टक्के जीएसटी एप्रिल २०२० पासून ५ टक्के झाला, ते चांगलंच झालं. नागपूरला मिहानमध्ये हँगर आहेत, तिथे आपली पोरं लागली तर मला आनंदच आहे. फक्त त्यांना विचारा, पगारपत्रक कोणाच्या नावाचं आहे. अमेरिकेत २००५ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे सुमारे ४,४०० मेकॅनिक आणि सफाई कामगार संपावर गेले. कंपनीने बदली माणसं आणि बाहेरचे शॉप लावून विमानं उडवत ठेवली आणि संप मोडला.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला मे १९९६ चा व्हॅल्यूजेटचा अपघात शिकवला होता. कंत्राटी शॉपमध्ये जुने ऑक्सिजन जनरेटर (प्रवाशांच्या मास्कला ऑक्सिजन देणारे डबे, सुरू झाले की प्रचंड तापतात) काढले, सेफ्टी कॅप न लावता खोक्यात भरले आणि ती खोकी प्रवासी विमानाच्या पोटात गेली. आग लागली, ११० माणसं गेली. टास्क कार्डावर मात्र कॅप लावल्याची सही होती. म्हणून धानोरीतल्या त्या वहीवर दोन सह्या बघितल्या की मला काय वाटतं, ते लाइनवर काम केलेल्या कुणालाही कळेल.

आता उणं. दिवसाला चारच गाड्या घेतो, पाचव्याला सरळ परत पाठवतो. गाडी कधी मिळेल ते सांगत नाही. बसायला एकच स्टूल, आणि वरून सुखोई गेलं की बोलणं थांबवावं लागतं. साध्या सर्व्हिसिंगची मजुरी ४५०, आजूबाजूला ३०० मध्ये होते. मी हटकलं तर म्हणाला, दोन्ही पोरं महिन्याच्या पगारावर आहेत, पावसाळ्यात काम नसलं तरी पगार थांबत नाही. मला तो हिशेब पटला, तुम्हाला पटेलच असं नाही. पण बसायची सोय मात्र त्याने करायलाच हवी, म्हातारी माणसं येतात.

पोरवाल रोडने आत या आणि सकाळी साडेनऊच्या आत गाडी लावा. रविवारी बंद. बिल दिल्यावर वही मागून स्वतःचं पान वाचा. माझ्या पानावर खाली लिहिलंय, "गिअर ऑइल ४१,२०० ला, बोल्ट हातानेच सोडणे."