पैसे भरून मिळालेली इंटर्नशिप: आमच्या बॅचसोबत पुण्यात काय झालं

एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्या सत्रात ओजेटी, म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग', असते. ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कंपनीत काम करायचं आणि सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र कॉलेजात जमा करायचं. नवीन शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रात हे सुरू झालं. मला ही कल्पना मनापासून पटते. वर्गात बसून कोड लिहिणं आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड सांभाळणं यात खूप अंतर आहे. पण होतं असं, की पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांची मुलं एकाच महिन्यात जागा शोधायला निघतात. ज्यांचे काका-मामा हिंजवडीत आहेत त्यांचं जमून जातं. आम्ही बार्शी, उदगीर, चाळीसगाववरून आलेली मुलं ओळख कुठून आणणार? आमच्यासारख्यांसाठीच पैसे घेऊन इंटर्नशिप देणारी दुकानं उघडलेली आहेत.

अशाच एका कंपनीचा सेमिनार आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. प्लेसमेंटच्या सरांनी स्वतः ओळख करून दिली, त्यामुळे कुणाच्या मनात शंका येण्याचं कारणच नव्हतं. पडद्यावर आयएसओ, एमएसएमई (लघुउद्योग) आणि स्टार्टअपचे लोगो, खाली 'स्थापना २०११'. ओजेटीचं प्रमाणपत्र, लाइव्ह प्रोजेक्ट आणि पुढे वर्षाला ३.६ लाखांची नोकरी, असं सगळं एकत्र मिळणार होतं. त्यासाठी आधी एक चाचणी. माझ्या रूममेटने अर्धा पेपर कोरा सोडला होता, तरी तासाभरात तिलाही 'अभिनंदन, तुमची निवड झाली' असा मेसेज आला. सगळ्यांचीच निवड झाली होती. मग एचआर मॅडमचे फोन सुरू झाले, तेही फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून: जागा थोड्या आहेत, आज संध्याकाळपर्यंत १८,००० भरले नाहीत तर सीट दुसऱ्याला जाईल. माझ्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून पैसे पाठवले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. विचारलं तर म्हणाले, अकाउंट्सच्या सरांचं खातं आहे, पावती मिळेल. पावती मिळाली, पण तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

बाणेरला एका को-वर्किंग जागेत आम्ही रोज जायचो. शिकवणारा मुलगा आमच्याहून फार तर वर्षभराने मोठा. तो यूट्यूबचे व्हिडिओ लावून द्यायचा. 'क्लायंटचा लाइव्ह प्रोजेक्ट' म्हणून किराणा मालाच्या ऑनलाइन दुकानाचा सोर्स कोड दिला आणि प्रत्येकाला रंग, लोगो आणि दोन-चार पानं बदलायला सांगितलं. त्या फोल्डरमध्ये गिटचा, म्हणजे कोड कुणी कधी बदलला याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, इतिहास तसाच राहिला होता. आमच्यातल्या एकाने टर्मिनलवर 'गिट लॉग' दिलं, तर सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) २०१९चे, परदेशातल्या कुणाच्या तरी नावाने. गिटहब या कोडच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळणारा तो कोड होता. क्लायंट असा कुणी नव्हताच. तरी बहुतेक जण गप्प बसलो, कारण प्रमाणपत्र त्यांच्या हातात होतं आणि त्याशिवाय सत्र पूर्ण होणार नव्हतं. या धंद्याचा खरा आधार हाच आहे. पोरं तक्रार करणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत असतं.

प्रमाणपत्रं वेळेवर मिळाली, कॉलेजने ती बघून घेतली आणि गुणही दिले. खरी लूट त्यानंतर झाली. नोकरीचं पत्र म्हणून जे हातात दिलं ते नुसतं इरादापत्र होतं. त्यात 'कामगिरी आणि प्रोजेक्टच्या उपलब्धतेनुसार' असे शब्द होते, रुजू व्हायची तारीख नव्हती. त्यासोबत २५,००० अनामत 'परत मिळणारी', दोन वर्षांचा बाँड, सही केलेला कोरा चेक आणि पदवीची मूळ गुणपत्रिका. काही जणांनी हे सगळं दिलं. माझ्याकडून अनामत निघालीच नाही, कारण घरी तेवढे पैसे उरलेच नव्हते. रूममेटने मात्र कानातलं गहाण ठेवून भरली. पुढे नुसतं 'प्रोजेक्ट येतोय' ऐकायला मिळालं. मग ऑफिसच्या जागी दुसऱ्याच कंपनीची पाटी लागली आणि फोन बंद झाले. आम्हाला ही कंपनी सुचवणाऱ्या सीनियर दादाला प्रत्येक विद्यार्थ्यामागे हजार रुपये मिळत होते, हे नंतर त्यानेच रडवेला होऊन सांगितलं. त्याचेही पैसे अडकले होते.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याही कंपनीची मूलभूत माहिती फुकट बघता येते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा जो २१ अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) असतो, त्यात नोंदणीचं सालच लिहिलेलं असतं. आमच्या इरादापत्रावर तळाशी बारीक अक्षरात तो छापला होता आणि त्यात साल होतं २०२२. पडद्यावर २०११ लिहायला काही खर्च येत नाही. एमएसएमईचा लोगो बघून तर अजिबात हुरळू नका. त्यामागची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद, कुणालाही स्वतःच माहिती भरून मोफत करता येते. तो कामाच्या दर्जाचा दाखला नव्हे. जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते आणि फर्मचं नाव तिथे दिसतं.

आणि मुळात काम देणारा पैसे का मागतोय? १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली उमेदवाराला विद्यावेतन देणं कंपनीवर बंधनकारक आहे. पदवी आणि पदविकाधारकांसाठी असलेल्या नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेत त्यातला काही भाग सरकार उचलतं. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात महिन्याला ५,००० रुपये इंटर्नला मिळायचे, अर्जाला शुल्क नव्हतं. तेव्हा ही योजना पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती, पण पैसा कुठून कुठे जायला हवा ते यावरून कळतं. कोर्सची फी भरायची असेल तर कोर्स म्हणून उघडपणे भरा, त्यात गैर काही नाही. पण त्याला नोकरी किंवा ओजेटी म्हणणारा माणूस तुम्हाला कर्मचारी म्हणून बघतच नसतो, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक असता.

कॉलेजांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. जिथे आपले विद्यार्थी १२० तास काढणार, तिथे एकदा कुणी प्राध्यापक जाऊन आले असते, तर कोपऱ्यातली ती आठ टेबलं आणि यूट्यूब त्यांनाही दिसलं असतं. प्लेसमेंट कक्षाने विद्यार्थ्यांसमोर उभ्या केलेल्या प्रत्येक कंपनीकडून तिचा सीआयएन, पत्ता आणि ती विद्यार्थ्यांकडून किती पैसे घेते याची माहिती लेखी मागवायला हवी. पालकांनीही हे विचारावं. फी भरताना आपण विचारतोच ना?

ज्यांचे पैसे असे अडकलेत त्यांनी आजच व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक बँक स्टेटमेंटमधून काढा, सेमिनारचं पोस्टर आणि सेमिनारबद्दल कॉलेजकडून आलेला मेसेज जपा. एकेकट्याने जाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर क्षणही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. फी परत मागायला जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क पडत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

कोरा चेक दिला असेल तर तो परत मागितल्याचा ईमेल पाठवून ठेवा, बँकेलाही लेखी कळवा. आमच्यातल्या एका मुलाचा चेक खरंच लावला गेला, न वटता परत आला आणि वकिलाची नोटीस घरी आली. घरचे घाबरून पैसे भरायला निघाले होते. अशी नोटीस टेबलावर पडू देऊ नका, १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलींना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांनाही तसाच मिळतो, बाकीच्या मुलांना सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत बसलं तर मिळतो. आमचा अर्ज अजून चौकशीत आहे आणि रूममेटची गुणपत्रिका अजून परत मिळालेली नाही. तिने विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज केला आहे.