जुन्या इंजिनातला गाळ: न खोलता काढायचा तर कोणत्या वाटेने?

ऑइलचं झाकण काढून आत टॉर्च मारावा आणि धातूऐवजी काळी, डांबरासारखी साय दिसावी, की पहिला विचार एखादी बाटली ओतून सगळं धुऊन काढण्याचाच येतो. मीही तेच केलं होतं. जुनी गाडी, आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं होतं ते त्यालाच ठाऊक. फ्लशची, म्हणजे इंजिन आतून धुणाऱ्या द्रावणाची, बाटली ओतली, लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवलं, पाण्यासारखं पातळ झालेलं काळंकुट्ट ऑइल काढलं, नवं भरलं आणि स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी सिग्नलला थांबलो तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, उतरवल्यावर कळलं, पंपाच्या जाळीवर कोळशाच्या चुऱ्यासारखे तुकडे गच्च बसले होते. गाळ सुटला होता, पण गेला कुठेच नव्हता.

तेव्हापासून कोणताही उपाय कोणी सुचवला की मी एवढंच विचारतो: सुटलेला गाळ जाणार कुठे? पुढची तुलना याच एका प्रश्नावर उभी आहे. कोणता उपाय किती जोरात गाळ सोडवतो याला मी दुय्यम मानतो.

ऑइलचा प्रवास डोळ्यांसमोर आणला की हे पटतं. चेंबरमधून ऑइल आधी जाळीतून ओढलं जातं, मग पंप, मग फिल्टर, आणि त्यानंतर इंजिनाचे फिरते-सरकते भाग: बेअरिंग, कॅमशाफ्ट, टॅपेट. म्हणजे फिल्टर पंपाच्या पुढे आहे, मागे नाही. मोठे तुकडे फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत, ते जाळीवर बसतात आणि पंपाचा घास अडवतात. बारीक कण फिल्टरमध्ये जातात. पण फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट पुढे निघतं. व्हॉल्व्हची ती रचना मुद्दामच आहे, कारण बेअरिंगला अजिबात ऑइल न मिळण्यापेक्षा घाण ऑइल मिळालेलं बरं. मात्र बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते, हे विसरून चालत नाही.

आधी आत काय आहे ते बघा

गाळ सगळा एकसारखा नसतो. धातूवर नुसती तपकिरी-सोनेरी झाक असेल तर ते वार्निश. त्याच्या मागे लागू नका, जुन्या इंजिनाचं ते वय आहे. बोटाला लोण्यासारखी लागणारी मऊ काळी मळी असेल तर ती ऑइलच्या हातून निघू शकते. आणि स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर ढेकळासारखे तुकडे पडत असतील, तर विरघळवणारा कोणताही उपाय म्हणजे जुगार, कारण ही ढेकळं विरघळण्याआधी निखळतात.

झाकणाखाली पिवळट-पांढरी, ताकाच्या लोण्यासारखी साय असेल तर ती गोष्टच वेगळी. ते ऑइलमध्ये फेसाळलेलं पाणी. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ऑइल पुरेसं तापत नाही, आत धरलेली वाफ उडून जात नाही आणि हे होतं. सलग लांब फेरी मारल्यावर ते कमी होतं. पण कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधलं पॅकिंग) संशयित आहे, आणि मग इथला कोणताही उपाय तुमच्या कामाचा नाही.

झाकणातून दिसतं ते फक्त तोंड. मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप मिळतो, तो आत सोडून टॅपेट कव्हरखालचा, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाखालचा, भाग बघता येतो. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघणं तर त्याहून बोलकं. कापायला हॅक्सॉ वापरू नका. करवतीचा भुगा आत पडतो आणि बेअरिंग झिजलं असं वाटून उगाच झोप उडते. फिल्टर कटर वापरा. आणि शक्य असेल तर मेकॅनिककडून ऑइल प्रेशर मोजून घ्या, डॅशबोर्डच्या दिव्यावर नव्हे तर गेज लावून, इंजिन पूर्ण गरम असताना. काहीही ओतण्याआधीचा हा आकडा लिहून ठेवा. पुढे काय बिघडलं किंवा सुधारलं, हे तोच सांगेल.

गाळ का झाला हेही एकदा विचारा. ऑइल वेळेवर न बदलणं हे नेहमीचं कारण, पण क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पोकळीतले) वायू बाहेर ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तर वेळेवर बदललेलं ऑइलही मळी धरतं. काही इंजिनांचा तर स्वभावच तसा. टोयोटाच्या 1997 ते 2002 च्या काही मॉडेलांमधल्या 3.0 लिटर व्ही-6 आणि 2.2 लिटर चार सिलिंडर इंजिनांत गाळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की 2002 मध्ये कंपनीला त्यासाठी खास दुरुस्ती-योजना आणावी लागली. पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलणं हे बहुतेक गाड्यांत अर्ध्या तासाचं काम आहे. ते आधी करा, नाहीतर साफ केलेलं इंजिन पुन्हा तसंच होईल.

लवकर-लवकर ऑइल बदलणं विरुद्ध दहा मिनिटांचा फ्लश

खरी निवड बहुतेकांना या दोनांतच करायची असते.

चांगल्या इंजिन ऑइलमध्ये साफ करणारी रसायनं असतातच. डिटर्जंट चिकटलेली मळी सोडवतात, आम्ल मारतात. डिस्पर्संट सुटलेले कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलमध्ये तरंगत ठेवतात. या दुसऱ्या कामाची दखल फार कोणी घेत नाही, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. सुटलेला गाळ बारीक कण होऊन ऑइलमध्ये राहतो आणि ऑइल काढताना त्याच्याबरोबर बाहेर जातो. म्हणून नवं ऑइल पाचशे किलोमीटरमध्येच काळं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. ते काम करतंय.

करायचं एवढंच: उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल, अगदी महागडं नको, 1000 ते 1500 किलोमीटरला बदलायचं, दर वेळी फिल्टरसकट, असं तीन-चार वेळा. पहिल्या फेरीत फिल्टर मध्येच, 500 च्या आसपास, एकदा जास्तीचा बदलला तर उत्तम, कारण पहिला लोंढा तेव्हाच येतो. दर वेळी ऑइल गरम असताना काढायचं आणि थेंब थांबेपर्यंत घाई करायची नाही. यात वेळ जातो, महिने जातात. धीर नसलेल्यांना हा उपाय उपाय वाटतच नाही. पण मऊ मळीसाठी मला याहून सुरक्षित काही माहीत नाही.

दहा मिनिटांच्या फ्लशमध्ये मुख्यतः पातळ पेट्रोलियम द्रावण असतं. तो ऑइलला पातळ करतो आणि मळीला झटक्यात सैल करतो. पातळ ऑइल बेअरिंगवर जाड थर धरत नाही, म्हणूनच बाटलीवर लिहिलेलं असतं की गाडी चालवू नका, रेस करू नका, फक्त आयडलवर ठेवा. इंजिनात मळी थोडी आणि मऊ असेल तर दहा मिनिटांत बरीच निघून जाते. पण ढेकळं असतील तर ती दहा मिनिटांत विरघळत नाहीत, नुसती निखळतात, आणि ड्रेन नटच्या भोकातून बाहेर येण्याऐवजी जाळीकडे जातात. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं.

अजून एक अडचण. ऑइल कितीही काढलं तरी गॅलरीत (ऑइलच्या आतल्या वाटांत), ऑइल कूलरमध्ये, चेंबरच्या तळाशी थोडं राहतंच. म्हणजे थोडा फ्लशही आत राहतो आणि नव्या ऑइलमध्ये मिसळतो. त्यामुळे फ्लश केलाच तर पहिलं नवं ऑइल स्वस्तातलं (पण योग्य ग्रेडचं) भरा आणि काहीशे किलोमीटरमध्ये काढून टाका.

फ्लशनंतर ऑइल गळायला लागलं अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा सील आधीच गेलेलं असतं, मळीने भोक बुजवलेलं असतं इतकंच. पण गाडी ज्याला वापरायची आहे त्याच्या दृष्टीने फरक काय? काल गळत नव्हती, आज गळते. जुन्या इंजिनात या शक्यतेसाठी मनाची तयारी हवी.

मधली वाट

शेकडो किलोमीटर ऑइलमध्ये ठेवून गाडी नेहमीसारखी चालवायची अशी हळू काम करणारी क्लीनरंही मिळतात. झटपट फ्लशपेक्षा मी यांना वर ठेवीन, कारण गाळ थोडा-थोडा सुटतो आणि फिल्टरला वेळ मिळतो. पण ती वापरून जो फायदा होतो त्यातला किती क्लीनरचा आणि किती त्यानंतर लवकर बदललेल्या ऑइलचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. वापरायचंच ठरलं तर बाटलीवरच्या प्रमाणाच्या पुढे जाऊ नका. "थोडं जास्त टाकलं तर जास्त साफ होईल" हा हिशेब इथे लागू होत नाही.

डिझेल इंजिनचं ऑइल पेट्रोल गाडीत टाकायचा सल्लाही याच जातीचा. त्यात काजळी धरून ठेवणारी रसायनं जास्त असतात हे खरं. जुन्या, 15W-40 (हे आकडे ऑइलच्या जाडपणाचे) मागणाऱ्या इंजिनात, आणि डब्यावर पेट्रोलचीही ग्रेड दिलेली असेल तर, एक-दोन फेऱ्या चालून जातात. पण ज्या इंजिनाला 5W-30 किंवा 0W-20 सांगितलंय, त्यात जाड ऑइल घालून व्हॉल्व्ह टायमिंगच्या यंत्रणेला त्रास देऊ नका. शिवाय डिझेलच्या काही ऑइलमध्ये फॉस्फरस जास्त असतो, तो सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मानवत नाही.

रॉकेल, डिझेल, एटीएफ

जुने मिस्त्री रॉकेल ओतून इंजिन धुवायचे आणि त्यांची इंजिनं टिकायचीही. ती इंजिनं सैल होती, बेअरिंगं जाड होती, आणि मिस्त्री बहुतेकदा चेंबर उतरवूनच काम करायचा, हे विसरलं जातं. आज बंद इंजिनात रॉकेल किंवा डिझेल ओतणं म्हणजे फ्लशचेच सगळे धोके, त्यात प्रमाण किती, वेळ किती हे सांगणारं कोणी नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, घातलं की इंजिन चकाचक होतं ही समजूत तर उलटीच आहे. एटीएफमध्ये इंजिन ऑइलपेक्षा डिटर्जंट कमीच असतात.

मशीन लावून केलेल्या फ्लशिंगबद्दल थोडक्यात. फिल्टरच्या जागी आणि ड्रेनला नळ्या जोडून मशीन द्रावण फिरवतं आणि स्वतःच्या फिल्टरमधून गाळतं. कल्पना चांगली, कारण इंजिनाचा पंप त्या वेळी चालत नाही. पण टॅपेट कव्हरखालची मळी बरीचशी त्या वाटेवर नसते, तिथे मशीन फारसं पोचत नाही. तरीही करून घ्यायचं असेल तर मशीन आधीच्या गाडीनंतर धुतलंय का, हे विचारायला लाजू नका.

चेंबर उतरवणं

"न खोलता" या अटीत हे बसतं का यावर वाद घालता येईल. माझ्या मते बसतं. हेड तसंच राहतं, टायमिंगला हात लागत नाही, फक्त खालचं चेंबर निघतं. काही गाड्यांत दोन तासांचं काम, काहींत मात्र सबफ्रेम खाली घ्यावी लागते आणि मग ते इंजिन उतरवण्याच्या जवळ जातं. त्यामुळे आपल्या मॉडेलचं आधी विचारून घ्या. चेंबर निघालं की जाळी हाताने धुता येते, तळाचा गाळ खरवडून फेकता येतो. वरची मळी तशीच राहते, पण ती सुटून येईल तेव्हा जाळी मोकळी असेल. ढेकळं दिसली असतील तर माझा क्रम हाच: आधी चेंबर आणि जाळी, मग लवकर-लवकर ऑइल बदलणं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बदलानंतर पुन्हा एकदा गेज. टॅपेट कव्हरचं पॅकिंग तसंही गळत असेल तर ते काढताना वरची मळी प्लास्टिकच्या पट्टीने आणि कापडाने पुसून घ्या. तुकडे हेडच्या भोकांत पडू देऊ नका.

यातलं काहीच करू नये असे लोक

गरम इंजिनात आयडलवर प्रेशर आधीच काठावर असेल, खालून ठोका येत असेल, तर बाटली ओतू नका. तिथे प्रश्न मळीचा राहिलेला नाही. टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच बुडून चालतो अशी काही इंजिनं आहेत, त्यांत द्रावणाचा फ्लश टाळाच. रबर फुगून किंवा झिजून त्याचाच चुरा जाळीवर जाऊ शकतो. मोटरसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये असतो, त्यामुळे कारसाठीचं क्लीनर तिथे क्लच घसरवू शकतं. लहान बाइकच्या अनेक इंजिनांत गाळ धरणारा फिरता सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, साइड कव्हर काढलं की हाताशी येतो. तो पुसला की अर्धं काम बाटलीशिवाय होतं. आणि धूर निघतोय, ऑइल खातेय म्हणून गाळ काढायला निघाला असाल, तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते, तपासा. पिस्टनच्या अडकलेल्या रिंगा हा वेगळा आजार आहे.

काढलेलं ऑइल गटारात किंवा जमिनीवर नको, जुनं ऑइल घेणाऱ्याकडेच द्या. त्याआधी पारदर्शक बाटलीत थोडं ठेवून रात्रभर उभं करा. तळाला कण बसलेले दिसले तर पुढचा फिल्टर 500 किलोमीटरच्या आतच बदला.