ॲपियनमधले ऐच्छिक इनपुट: शेतमाल खरेदीच्या ॲपवर काही महिने वापरल्यानंतर

लातूर, परभणी, नांदेडच्या मोंढ्यातल्या हिशोबपट्ट्या वरवर सारख्या दिसतात, पण प्रत्येकीत एखादा रकाना कोरा असतोच. कुणाला हमाली लागलेली नसते, कुणाचं बारदान घरचं असतं, कुणाच्या सोयाबीनचा ओलावा मोजायचाच राहिलेला असतो. अशा खरेदीच्या ॲपमध्ये रक्कम काढणारा एकच एक्स्प्रेशन रूल (एकदा लिहून कुठूनही बोलावता येणारं सूत्र) सगळीकडे वापरायचा असेल, तर कोऱ्या रकान्याचा अर्थ काय हे आधी ठरवावं लागतं. ॲपियन या ॲप बनवण्याच्या प्लॅटफॉर्मवर हे काम चांगलं होतं, पण शिस्त आपली आपल्याला पाळावी लागते.

रूलला इनपुट (आत दिलेली माहिती) क्रमाने देता येतात, तसे नावानेही देता येतात. क्रमाने दिले तर एकही गाळता येत नाही. नावाने दिले की गाळलेला इनपुट आत नल (म्हणजे कोरा, किंमतच नसलेला) म्हणून पोचतो, आणि उद्या रूलमध्ये नवा इनपुट वाढवला तरी जुन्या स्क्रीन तशाच चालू राहतात. त्यामुळे दोन-तीनपेक्षा जास्त इनपुट असले की नावानेच द्यावेत, यात तडजोड करू नये.

इनपुटच्या व्याख्येत मात्र नाव, वर्णन, प्रकार आणि यादी आहे की एकच, एवढंच भरता येतं. 'सक्तीचा' अशी खूण नाही, डीफॉल्ट (न दिल्यास धरायची किंमत) लिहायला जागा नाही. ही उणीव रोज जाणवते. त्यावर उपाय असा: रूलच्या अगदी वर लोकल व्हेरिएबल (त्या रूलपुरती नावं) घ्यायची, प्रत्येक ऐच्छिक इनपुट तिथेच डीफॉल्टव्हॅल्यू फंक्शनमधून काढायचा आणि खालच्या हिशोबात फक्त ती लोकल नावं वापरायची. मूळ इनपुट खाली पुन्हा दिसला की समजावं, तिथे कधीतरी नल घुसणार. आणि वर्णनाच्या रकान्यात 'ऐच्छिक. न दिल्यास ठरलेला दर' असं स्पष्ट लिहावं, पुढच्या माणसाला रूल उघडायची गरज पडत नाही.

आता खरा घोळ होतो तो शून्य आणि कोरा यांत. हमाली शून्य म्हणजे शेतकऱ्याने कट्टे स्वतः उतरवले. हमाली कोरी म्हणजे ठरलेला दर लावा. डीफॉल्टव्हॅल्यू फंक्शन नल, रिकामा मजकूर आणि रिकामी यादी यांनाच कोरं मानतं, शून्याला हात लावत नाही; म्हणजे हवं तसंच वागतं. पण कुणी 'हमाली शून्यापेक्षा जास्त असेल तर ती, नाहीतर ठरलेला दर' अशी अट लिहिली, की स्वतः माल उतरवलेल्या माणसाचेही पैसे कापले जातात. पट्टीवर आकडा छापलेला असतो, म्हणून ते लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही.

ओलाव्याचं प्रकरण याहून नाजूक आहे. समजा 25 क्विंटल माल, दर 4,800 आणि 12 टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला वजनात 1 टक्का घट असा करार आहे. ओलावा 14 निघाला तर 50 किलो वजा होऊन 1,17,600 रुपये होतात. मीटर न लावता रकाना कोरा सोडला आणि रूलने 12 धरले, तर होतात 1,20,000. हा 2,400 रुपयांचा फरक न मोजलेल्या आकड्यावर उभा आहे. ज्या इनपुटवर पैसे हलतात आणि ज्याचा आकडा मोजूनच कळतो, त्याला डीफॉल्ट देऊच नये. अशा वेळी रूलने मॅप (नाव आणि किंमत अशा जोड्या) परत करावा: रक्कम नल आणि सोबत 'ओलावा भरा' असा संदेश. स्क्रीनने तो संदेश दाखवून पट्टी अडवावी.

माल शोधण्याच्या रूलमध्ये ऐच्छिक फिल्टर फार सोयीचे पडतात. फिल्टर एकत्र जोडणाऱ्या लॉजिकल एक्स्प्रेशनमध्ये रिकामे फिल्टर दुर्लक्षित करण्याचा पर्याय चालू केला की तारीख, वाण, आडत्या यांपैकी जे भरलं तेवढंच लागू होतं. धोका खरेदी केंद्राच्या फिल्टरचा. तोही या पर्यायाखाली ठेवला आणि केंद्र कोरं आलं, तर जालन्याच्या माणसाला हिंगोलीच्या नोंदी दिसतात. केंद्र कोरं असेल तर क्वेरी चालवूच नये, थेट रिकामी यादी परत करावी. बाकी फिल्टरना 'अप्लायव्हेन' लावून प्रत्येकाची अट वेगळी लिहिली तर वाचायलाही सोपं जातं.

तारखेचा डीफॉल्ट टुडे फंक्शनने देऊ नये. ते जीएमटीची (ग्रिनिचच्या वेळेची) तारीख देतं, आणि आपण साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचच्या आत उतरलेली गाडी आदल्या दिवशी नोंदली जाते. नाऊ फंक्शनने दिलेली वेळ लोकल फंक्शनने आपल्या टाइमझोनमध्ये आणून मग तिची तारीख करावी.

एका रूलमधून दुसरा बोलावताना डीफॉल्ट फक्त सगळ्यात आतल्या रूलमध्ये असावा. बाहेरच्याने नल तसाच पुढे द्यावा. दोन्हीकडे ठेवला की हंगामात दर बदलताना एक जागा हमखास राहते.

टेस्ट केस (रूल तपासायचे नमुने) रूलसोबतच जपता येतात, हे या प्लॅटफॉर्मचं सगळ्यात आवडलेलं अंग. दर ऐच्छिक इनपुटमागे तीन तरी कराव्यात: गाळलेला, शून्य दिलेला आणि नेहमीचा आकडा दिलेला. अपेक्षित उत्तरही भरून ठेवावं. नुसतं 'एरर आला नाही' एवढं तपासलं तर वरची 1,20,000 ची पट्टी पास होऊन जाते.