हिरड्यांचा दवाखाना: जिना वाईट, डॉक्टर चांगल्या

माझं कराडात शिवणकाम आहे. गौरी-गणपतीच्या तोंडावर ब्लाऊजांचा ढीग पडलेला, आणि नेमकी त्याच वेळी खालच्या पुढच्या दातांमधली हिरडी फुगून वर आली. लालभडक. ब्रश लावला की रक्त, भाकरीचा तुकडा मोडला तरी कळ. लवंगेच्या तेलाचा बोळा धरला तर हिरडी भाजून निघाली, वर पांढरं साल आलं. मेडिकलवाल्यानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ठणका गेला, पण फुगवटा तसाच राहिला. दहा दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखं.

मग सूनबाईनं हट्टानं या दवाखान्यात नेलं. डॉक्टर खास हिरड्यांच्याच आहेत, असे डॉक्टर असतात हेच मला ठाऊक नव्हतं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा आणि कठड्याला धरायला धड जागा नाही. गुडघेवाल्यांनी विचार करून जावं. नंबर अकराचा होता, आत गेलो सव्वाबाराला. एवढ्यासाठी एक तारा कापलाय.

बाकीचे चार डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांचे. तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काकू, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी म्हटलं, बीपीची एक. नाव? नाव कुणाला पाठ असतं! सूनबाईनं घरी फोन लावून पाकिटावरचं वाचून घेतलं. अॅम्लोडिपीन, दीड वर्षापासून. डॉक्टर म्हणाल्या, या गोळीनं काही जणांच्या हिरड्या वाढतात, त्यातही पुढच्या दातांमधल्या जास्त. त्यात दातांवर कीटण असलं की सूज आणि दुखणं वाढतं. आणि लगेच बजावलं, "गोळी मनानं बंद करायची नाही हं, बीपी चढेल. मी चिठ्ठी देते, तुमच्या डॉक्टरांना दाखवा." बीपीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारची गोळी दिली. साखरही तपासायला लावली, कारण मधुमेहातही हिरड्या अशाच बिघडतात. माझी नॉर्मल निघाली.

मग तपासणी. बारीक खुणा असलेली काडी प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत घालून त्या आकडे सांगत होत्या आणि मुलगी लिहून घेत होती. दोन, तीन, दोन, पाच, सहा. हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक, त्याच्या पुढे खाच खोल होत चाललीय. एक्सरेत दोन दातांखालचं हाड थोडं झिजलेलं दाखवलं. ते परत भरून येत नाही, असंही सरळ सांगितलं, उगाच आशा लावली नाही. एवढ्यात त्यांना माझ्या वरच्या दाताच्या टोकाला खाच दिसली. "शिवणकाम करता ना? दोरा दातानं तोडता." तीस वर्षांची सवय, चोर पकडल्यासारखी पकडली. गालाच्या आतूनही पाहिलं, कारण मी पूर्वी मशेरी लावायची. सोडून बारा वर्षं झाली, तरी सांगताना मान खाली गेलीच.

सफाई चार वेळांत झाली. बधिर करायची सुई टोचते तेवढीच, पुढे मशीनची किर्रकिर्र आणि तोंडात साचणारं पाणी. हिरडीच्या आतलं कीटण त्यांनी वाटीत काढून दाखवलं, काळपट खडीच. माझी जाऊ सांगत होती, साफ करून घेतलं की दात हलतात आणि फटी पडतात. फटी दिसल्या, हे खरं. पण त्या आधीच होत्या, कीटणानं बुजलेल्या. पंधरा दिवस गार पाणी मात्र झोंबलं.

गुळण्यांना क्लोरहेक्सिडिनचं औषध दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ, दोनच आठवडे. त्यानं दात तपकिरी होतात आणि चहाची चव जाते. हे आधी सांगायला हवं होतं. मी घाबरून फोन केला, तेव्हा कळलं की डाग पॉलिश केल्यावर निघतात. पेस्ट लावल्यावर लगेच या गुळण्या करू नका, अर्धा तास जाऊ द्या, हेही तेव्हाच कळलं.

खर्च: तपासणी २०० रुपये, सफाई दर वेळी १,००० आणि एक्सरे वेगळा. आधी विचारलं तर "बघून सांगू" म्हणाले. फळ्यावर दर लिहून लावायला काय होतं? माझ्याकडे ब्लाऊजचे दरसुद्धा भिंतीवर आहेत.

ठणका पहिल्या आठवड्यातच गेला. फुगवटा ओसरायला मात्र दोन-अडीच महिने लागले, गोळी बदलल्यावर हळूहळू. कापून काढावं लागेल की काय ही भीती होती, तशी वेळ आली नाही. आता मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरते आणि फटींत बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश फिरवते. तो तीन दिवसांत वाकडा होतो, हे माझ्या हाताचंही असेल. कात्री गळ्यात अडकवलीय, पण घाईत अजून दोरा दाताकडे जातोच.

तुम्ही जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर घ्या. आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या.