डिजिटल पियानो आठ महिने वापरल्यावर: पट्ट्या, हेडफोन आणि खालचा मजला

डिजिटल पियानो घेण्याआधी मी महिनाभर वाचत होते. पॉलिफनी (म्हणजे एका वेळी वाजू शकणारे सूर) किती, स्पीकर किती वॉटचे, पेडल किती, सगळं सापडलं. पण वर-खाली माणसं राहत असलेल्या इमारतीत, नवऱ्यासोबतच्या घरात, रोज तासभर तो वाजवला की काय होतं, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. आता आठ महिने झालेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी वाद्याबद्दल. ८८ पट्ट्या, त्यात ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पट्ट्यांना वजन आहे. आत छोट्या हातोड्या आहेत, त्यामुळे डावीकडे खर्जात पट्टी जड लागते आणि उजवीकडे जाऊ तशी हलकी होत जाते. पट्टी किती वेगाने खाली गेली हे आतले सेन्सर मोजतात आणि त्यावर आवाज लहान-मोठा होतो. पियानोचं मर्म इथेच आहे. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हातोडीने तार वाजवणारं वाद्य केलं, कारण हार्पसिकॉर्डवर, म्हणजे तारा छेडून वाजणाऱ्या त्याआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, बोट हळू ठेवा की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नव्हता. नावही त्यातूनच आलं, ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. मी सुरुवातीला दोन महिने बिनवजनाच्या कीबोर्डवर शिकले. त्यात बोटांना लागलेल्या सवयी मोडायला पुढचे दोन महिने गेले. शिकायचं असेल तर वजनाच्या पट्ट्याच घ्या, बाकी कशातही काटकसर चालेल.

पियानो आला त्या आठवड्यात घरी जो येईल तो एकच विचारायचा, “मुलांसाठी घेतला?” मी माझ्यासाठी म्हटलं की क्षणभर शांतता, आणि मग, “अच्छा, म्हणजे कार्यक्रम वगैरे करायचा विचार आहे?” मला याचं वाईट वाटायचं. लहान मुलाने शिकलेलं चालतं, स्टेजवर वाजवलेलं चालतं. चाळिशीच्या बाईने संध्याकाळी स्वतःसाठी शिकावं याला मात्र कारण द्यावं लागतं, आणि कारण विचारणारी सगळी माणसं स्वतःला कलाप्रेमी म्हणवतात.

पहिला महिना मी स्पीकरवरच वाजवलं. मग खालच्या काकू आल्या. बोलल्या प्रेमानेच, पण एकच ओळ तास-तासभर ऐकून डोकं भणभणतं म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. मी त्याच दिवसापासून हेडफोन लावायला लागले.

दहा-बारा दिवसांनी काकू परत आल्या. “अगं, वाजवणं थांबवलंस ते बरं झालं, पण रात्री काहीतरी कुटल्यासारखं काय चालतं तुमच्याकडे?” मला काही कळेना. शेवटी मी त्यांच्याबरोबर खाली गेले, त्यांच्या बेडरूममध्ये उभी राहिले आणि नवऱ्याला फोन करून हेडफोन लावून कुठल्याही पट्ट्या दाबायला सांगितलं. सूर एकही नाही, पण छतातून स्पष्ट ठक, ठक-ठक, ठक. एवढ्या शांत खोलीत, उशीवर डोकं टेकवल्यावर, तो आवाज कुणालाही जागं ठेवेल.

हे का होतं ते घेणाऱ्याला आधीच माहीत हवं. हेडफोनने फक्त हवेतून जाणारा आवाज बंद होतो. पट्टी तळाला आपटते तो धक्का मात्र स्टँडच्या पायांतून लादीत आणि लादीतून खालच्या छतात जातो, जशी वरच्या घरात सरकवलेली खुर्ची आपल्याला ऐकू येते. त्यामुळे खिडक्या-दारं लावून काही होत नाही, स्टँड आणि लादी यांच्यामध्ये काहीतरी मऊ घालावं लागतं. मी स्टँडच्या प्रत्येक पायाखाली जाड रबराचा तुकडा ठेवला आणि त्या सगळ्याखाली दुहेरी घडीचं सतरंजीसारखं जाड जाजम अंथरलं. आवाज पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला नाही. म्हणून रात्री साडेनऊनंतर मी बसत नाही.

याच काकू आमच्या इमारतीच्या एका बैठकीत बोलल्या होत्या, की मुलांच्या हातातला मोबाइल काढून त्यांना एखादं वाद्य द्या. तेव्हा मला ते दुटप्पी वाटलं आणि मी घरी येऊन खूप चिडले. नंतर विचार केला तेव्हा मला आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा आठवला. पाच-सहा वर्षांपूर्वी तो तबला शिकायचा. जिन्यात भेटला की मी त्याच्या आईला “छान वाजवतो हो” म्हणायचे आणि घरात आल्यावर खिडकी लावून घ्यायचे. पुढे त्याने तबला सोडला. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही, पण माझी बंद खिडकी त्याला वरून दिसत असणार, हे मला आता टोचतं. तयार झालेलं वाजवणं सगळ्यांना आवडतं, तयार होतानाचं कुणालाच ऐकायचं नसतं. मी काकूंपेक्षा वेगळी नव्हते.

आता नवऱ्याबद्दल, कारण या वाद्याने आमच्या घरात जे केलं ते माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. स्पीकरवर वाजवायचे तेव्हा तो “मला काही त्रास नाही, तू शीक” म्हणायचा आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायचा. ते दार मला फार लागायचं. हेडफोन आल्यावर दार उघडं राहायला लागलं आणि मला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

तिसऱ्या महिन्यात एकदा जेवताना तो म्हणाला, “हल्ली तू घरात असून नसतेस.” त्याने हाक मारली तरी मला ऐकू जायची नाही. त्याला नुसती माझी पाठ दिसायची आणि पट्ट्यांची खडखड ऐकू यायची. मग म्हणाला, “ते तुझं एक होतं ना, दुसऱ्या ओळीत डावा हात अडायचा. ते सुटलं का?”

ते सुटून महिना झाला होता. दार ओढून बसलेला हा माणूस माझा डावा हात कुठे अडतो ते ऐकत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

माझ्या पियानोला हेडफोनच्या दोन जागा आहेत, हे मी तोवर लक्षात घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हेडफोन आणला. दोन्ही वायरचेच घ्या. ब्लूटूथवर बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो, तो उशीर जेमतेम असला तरी लय बिघडते. आवाजही बेतानेच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा दिली आहे, आणि आवाज वाढवला की हे तास झपाट्याने कमी होतात.

उणिवाही सांगते. सहाव्या महिन्यात मधल्या सप्तकातली एक पट्टी कटकट वाजायला लागली. दुरुस्तीला माणूस यायला तीन आठवडे लागले आणि प्रत्येक फोनवर मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. पेडल जमिनीवर सरकतं, त्याखालीही रबर लागतंच. खऱ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा एकमेकींना साद देत असतात, ती भरलेली गुंज इथे नाही. आणि कान तंबोऱ्यावर तयार झाला असेल तर यातला गंधार चढा लागेल. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि या समान स्वरांतराच्या मांडणीत तो तंबोऱ्यातल्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अशा एका भागाचे शंभर सेंट) वर असतो. माझ्या मॉडेलमध्ये मांडणी बदलायची सोय आहे, तुम्ही घेताना विचारून घ्या.

तरीही फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने बिनधास्त घ्यावा असंच मी सांगेन. ट्यूनिंग करावं लागत नाही, आणि चुका करायला हक्काची जागा मिळते. फक्त रबर आणि जाजम पहिल्याच दिवशी घाला आणि खालच्यांना आपली वेळ आधी सांगा. मी काकूंना विचारून रविवारी संध्याकाळी अर्धा तास मागून घेतलाय. तेवढा वेळ स्पीकर चालू असतो.

बाकीचे दिवस जेवणं झाली की नवरा वीसेक मिनिटं शेजारी येऊन बसतो. दुसरा हेडफोन मी कायम लावूनच ठेवते. त्याची वायर आखूड आहे, त्याला खुर्ची अगदी चिकटून घ्यावी लागते. लांब वायर आणायची असं मध्यंतरी ठरलं होतं, पण अजून दोघांपैकी कुणीच आणलेली नाही.